पाचव्या दिवशी न दिसणारी गाठ

वेदना माणसाला स्वतःची ओळख करून देते, असं मी जाडजाड पुस्तकांत वाचलं होतं. मला तिने मागच्या पडवीची ओळख करून दिली.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी काष्टीच्या प्राथमिक शाळेत शिकवायचे. मुलगी पोट फाडून झालेली. त्या व्रणाच्या डाव्या टोकाला पुढे गाठ आली. पाळीत ती सुपारीएवढी फुगून ठणकायची, नंतर जागेवर सापडायचीसुद्धा नाही. पाळीचे चार दिवस मी बाहेर बसायचे. शाळेत चाळीस पोरांच्या पाट्या हातात घ्यायच्या, आणि घरी मागच्या दाराने पडवीत. ताट लांबून सरकवलेलं. मुलगी उंबऱ्यापलीकडूनच कविता म्हणून दाखवायची.

दवाखान्यात जायचं ते पाचव्या दिवशी, न्हाऊन. डॉक्टर पोट दाबून म्हणायचे, "बाई, इथं काही नाही. वाचन जरा कमी करा."

तीन वर्षं असंच चाललं. मग एकदा दहावा दिवस उलटला तरी गाठ बसेना. पुढच्या पाळीत ती लिंबाएवढी झाली. दुसऱ्याच दिवशी मी पडवीतून उठून नगरच्या एसटीत बसले.

"अगं, साऱ्या गाडीला इटाळ हुईल!" सासूबाई ओरडल्या.

हे सोबत आले, पण मागच्या बाकावर बसले.

नगरच्या डॉक्टरीणबाईंनी गाठीवर तळहात ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही. मला रडू आलं.

"फार दुखतंय का?"

"हो," मी म्हणाले. ते अर्धंच खरं होतं. लग्नानंतर त्या चार दिवसांत मला कोणी हात लावला नव्हता.

गाठ काढून पुण्याला तपासायला पाठवली. बाळंतपणात गर्भाशयाचं अस्तर व्रणात रुजलं होतं. दर महिन्याला तेही आतल्या आत रक्त सोडत होतं, आणि अखेर त्याचा कॅन्सर झाला होता. बीजकोश स्वच्छ होते, तरी गर्भाशयासकट सगळं काढलं. आपण वेळेत पोचलो का, हे डॉक्टरीणबाई सांगेनात.

सासूबाई भेटायला आल्या आणि सवयीने दाराशीच थांबल्या.

"आता पाळी कवा?"

"आता नाही. पिशवी काढली."

"म्हंजी कवाच न्हाई?"

"कधीच नाही."

त्या आत आल्या, खाटेवर टेकल्या, माझ्या कपाळावर हात ठेवला. "मंग यंदा लोणचं तूच घाल. माझं हात लई दुखत्यात."

त्या वर्षीचं लोणचं मीच घातलं. ते खारट झालं.