मी रुमालाकडून हरलो

अपमानाचा किस्सा कसा होतो ते आधी सांगतो. कोणीतरी आपला अपमान करतो. आपण घरी येऊन बायकोला सांगतो, ती हसते. मित्राला सांगतो, तोही हसतो. असे सगळे हसून झाले की आपल्या हातात अपमान राहत नाही, नुसता किस्सा राहतो! माझ्याकडे असे किस्से पोत्यानं आहेत, आणि बहुतेक पोती एकाच माणसानं भरलेली आहेत. त्याचं नाव गजा. तुम्हीही हसणार हे मला माहीत आहे. हसा. पण मधूनमधून थोडं चिडा सुद्धा, कारण माझा राग अजून गेलेला नाही.

*

गोष्ट अंबाजोगाईची. देशाचा बाजार खुला झाला, असं पेपरात छापून आल्याला काही वर्षं झाली होती. तो खुलेपणा आमच्यापर्यंत पोचला तो शेख सरांच्या कॉम्प्युटर क्लासच्या रूपात. सरांचं आधी टायपिंग इन्स्टिट्यूट होतं, बियाण्यांच्या दुकानावरच्या हॉलमध्ये. मग टाइपरायटर मागच्या खोलीत गेले, कॉम्प्युटर पुढे आले आणि खुर्च्या त्याच राहिल्या.

मी घाटनांदूरहून रोज एसटीनं यायचो. आमचं तिथं किराणा दुकान. वडलांना आम्ही अप्पा म्हणतो. अप्पांच्या मते कॉम्प्युटर म्हणजे फी भरून बघायचा टीव्ही!

क्लास संपला की सर आम्हाला एक गेम खेळू द्यायचे. दोघांनी दोन कॉम्प्युटरवर बसायचं आणि आपापलं राज्य वसवायचं. मजुरांनी खाणीतून सोनं आणायचं, सोन्यातून शिपाई उभे करायचे, शिपायांनी दुसऱ्याचं राज्य जाळायचं. सगळे हुकूम कळा दाबून द्यायचे, त्यामुळं ज्याची बोटं चपळ त्याचं राज्य. नियम एकच होता: हरला तो उठला. हरणाऱ्यानं खुर्ची सोडायची, पुढच्यानं बसायचं, वाद घालायचा नाही.

खिडकीजवळची, पंख्याखालची खुर्ची माझी होती. माझी म्हणजे मी तिच्यावरून कधी उठतच नव्हतो! खाली चहावाल्यालाही माहीत होतं, खिडकीतून कोणाचा हात दिसेल ते. घाटनांदूरच्या पोराला अंबाजोगाईत एवढा मान पुष्कळ होता.

आणि मग गजा आला.

*

गजा धारूरकडचा, ऊसतोडीच्या मुकादमाचा मुलगा. टायपिंगमध्ये तो इतका मंद होता की एक अक्षर दाबून पुढचं कुठं आहे ते शोधत बसायचा.

एकदा सरांनी आम्हाला मॅक्रो शिकवला. पत्राच्या शेवटी 'आपला विश्वासू' आणि खाली नाव-पत्ता, हे एकदा टाइप करून साठवायचं. पुन्हा लागलं की एकच कळ दाबायची, कॉम्प्युटर सगळं आपोआप टाइप करतो. आम्ही वहीत उतरवून घेतलं आणि विसरलो. एकट्या गजानं हात वर केला.

"सर, हे गेममधी चालंन का?"

दिवाळीत त्याचा पुण्याचा मावसभाऊ आला आणि त्यानं गजाला गेममध्ये मॅक्रो चालवणारी एक फ्लॉपी दिली. गजानं सावकाश, चुकतमाकत, चार दिवस रिकाम्या क्लासात खपून आपला सगळा डाव तिच्यात साठवला आणि मग त्याचा वेग वाढवला. सुट्टी संपल्यावर तो माझ्यासमोर बसला. एक कळ दाबली. त्याचे मजूर खाणीकडं असे धावले की मी बघतच राहिलो. मी दोन्ही हातांनी कीबोर्ड बडवतोय, आणि हा फुटाणे खातोय!

माझं राज्य जळालं.

"हा रडीचा डाव हाय!" मी ओरडलो.

"कावून बे?" गजानं तोंडातला फुटाणा चावून संपवला. "बटन मीच दाबलं की."

*

मी सरांकडं फिर्याद नेली. सरांचं सगळं आयुष्य बोटांच्या शिस्तीत गेलेलं. करंगळी चुकली तर पट्टी मारणारे सर! मला वाटलं, फैसला माझ्याच बाजूनं होणार.

सर म्हणाले, "देख बेटा, टाइपरायटरला कार्बन लावला की एका दाबात तीन-चार कागद उठतात. खालच्या कागदावरची अक्षरं खोटी हायत का?"

"सर, पन परीक्षेत मी कार्बन लावून शेजारच्या पोरांचे पेपर बी काढून दिले तर?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"हळू बोल," ते म्हणाले. "खाली दुकानात गिऱ्हाईक हाय."

*

गजाला समजावून सांगायचाही प्रयत्न केला. तेव्हा मी तसा भोळा होतो. म्हटलं, अरे, खेळ हातांचा आहे. तुझे हात काय करतात? मजूर धावतात ते तुझ्या हुकमानं नाही, फ्लॉपीच्या हुकमानं. मग जिंकलं कोण?

गजानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला खांद्यावर हात ठेवणारी माणसं आवडत नाहीत.

"आमच्या दादानं जलमात कोयता हातात धरला न्हाई," तो वडलांबद्दल म्हणाला. "टोळ्या गोळा करतो, कारखान्यावर नेतो. म्हनून ऊस तुटला न्हाई असं कुनी म्हनतं का?"

"अरे, ज्यांनी तोडला त्यांना विचार ना, ऊस कोणी तोडला ते!"

गजाला खरोखर आश्चर्य वाटलं.

"त्यांनला कोन विचारतंय?"

हे त्यानं अगदी सरळपणे म्हटलं. त्याचं उत्तर मला रस्त्यानं जाताना सुचलं, पण तोपर्यंत त्याची बस निघून गेली होती.

*

एका रविवारी गजा आमच्या घरी घाटनांदूरला जेवायला आला. आमच्या गल्लीतल्या महादेवाच्या देवळात तेव्हा नवीनच आरतीचं मशीन बसवलं होतं. बटण दाबलं की मोटार फिरते आणि नगारा, घंटा, झांजा, सगळं आपोआप वाजतं. सकाळी आरती चालू असतानाच लाईट गेली होती आणि गुरवकाका मशीनचं बटण बंद करायचं विसरून घरी गेले होते.

दुपारी आम्ही पानावर बसलो होतो तेव्हा लाईट आली. देवळात एकदम आरती सुरू! माझी काकू निरांजन घेऊन पळाली. शेजारचे सदरा घालत पळाले. गुरवकाका तर खरकट्या हातानंच धावत आले, तोवर गाभाऱ्यासमोर अर्धी गल्ली हात जोडून उभी होती.

मी गजाला म्हणालो, "बघ! हाच तुझा मॅक्रो! ह्याला काय भक्ती म्हणायची?"

"पन आरती झाली का न्हाई?"

मी गुरवकाकांकडं वळलो. म्हटलं, "काका, तुमीच सांगा. महादेवाला हे चालतं का?"

काका नळाखाली हात धूत होते. "आजून तरी त्याची तक्रार आलेली न्हाई," ते म्हणाले.

देव सुद्धा फितूर!

*

आता रुमालाचं सांगतो.

आपल्याकडं एसटी स्टँडवर काय चालतं ते सांगायला नको. गाडी लागायच्या आधीच खिडकीतून रुमाल आत पडतो. रुमाल पडला की ती जागा धरली. धरणारा खाली उसाचा रस पीत असेल, पण रुमाल म्हणजे माणूस. भांडणं होतात, शर्ट फाटतात, पण रुमालाला कोणी हात लावत नाही. हे असं आपण सगळ्यांनी मिळून ठरवलेलं आहे.

त्या दिवशी डाव सुरू झाला, गजानं कळ दाबली, उठला, आपला चौकड्यांचा मळका रुमाल खुर्चीवर टाकला आणि चहा प्यायला खाली गेला! माझ्यासमोर नुसती खुर्ची. तिकडं राज्य वाढतंय, शिपाई उभे राहतायत, आणि खिडकीतून मला दिसतंय, गजा बशीत चहा ओतून फुंकर मारतोय!

त्या रागानंच माझी बोटं चुकायला लागली. मी हरलो.

"हरला तो उठला!" पोरं ओरडली.

"कोणापुढं उठू? समोर आहे कोण?" मी सरांना विचारलं. "सर, तिथं माणूसच नाही!"

सरांनी मान वाकडी करून खुर्चीकडं बघितलं. "रुमाल हाय की," ते म्हणाले. "म्हंजी मानूस हाय."

आणि मला उठावं लागलं. एका मळक्या रुमालापुढं! संध्याकाळी घाटनांदूरच्या गाडीत चढलो तर कंडक्टरपर्यंत बातमी पोचलेली. "या, या," तो म्हणाला. "बसा हितं. ह्या सीटवर रुमाल न्हाई, भिऊ नका!"

सगळी गाडी हसली. मी उभ्यानं घरी आलो.

*

त्याच सुमारास औरंगाबादच्या एका कॉलेजात ह्याच गेमची स्पर्धा निघाली. आमच्या क्लासमधून एकालाच पाठवायचं होतं. सरांनी माझा आणि गजाचा डाव लावला.

घरी अप्पांनी आधीच सांगून ठेवलं होतं, "लई झाला तुझा खेळ. जिकलास तर जा औरंगाबादला, क्लास बी चालू ठिव. हरलास तर सोमवारपासून दुकानात बसायचं." मला दुकानाची लाज नव्हती. पण मला त्या खिडकीजवळ बसायचं होतं, आणि तिथून पुढं कुठंतरी जायचं होतं.

म्हणून मीच म्हटलं, अप्पा, तुमी बघायला या. अख्ख्या घाटनांदुरात अप्पांच्या तराजूची ख्याती होती. काटा थांबेपर्यंत ते श्वास सुद्धा रोखून धरायचे! पारड्याला चुकून बोट लागलं तर माल परत ओतून पुन्हा तोलायचे. म्हटलं, जगात एक माणूस तरी असा असेल ज्याला इमानदारी बघितल्याबरोबर कळेल.

अप्पा आले, माझ्यामागं स्टुलावर बसले. गजानं त्यांच्या पाया पडून सगळ्यांदेखत जाहीर केलं, "म्या हात लावनारच न्हाई! बटन दाबलं की हाताची घडी!" आणि तो बसला, फुटाण्याची पुडी मांडीवर घेऊन.

मी यावेळी शिपाई वाढवत बसलो नाही. उभे राहिले तेवढेच घेऊन सरळ त्याच्या खाणीवर गेलो. मजूर आला की मारला. मॅक्रोला काय कळतंय! त्याला ठरल्याप्रमाणं पुढचा मजूर पाठवायचा होता, तो पाठवत राहिला. एकामागून एक मजूर त्याच वाटेनं येत होते आणि मरत होते. पोरं ओरडत होती, "गजा, हात लाव बे!" पण गजा बोलला होता ना! तो हाताची घडी घालून बघत बसला. माझा शर्ट पाठीला चिकटला, बोटं ठणकायला लागली, पण मी थांबलो नाही. त्याचं राज्य पार जळेपर्यंत.

हरला तो उठला! गजा हसत हसत उठला आणि मला फुटाणे दिले.

मी अप्पांकडं वळलो. वाटलं, आता पाठीवर हात पडणार. अप्पा माझ्याकडं बघतच नव्हते.

"अप्पा, मी जिंकलो!"

"जिकलास की. पन किती घामाघूम झालास लेका!" अप्पांची नजर गजावर होती. "आन ते बघ. हरून बी फुटाने खायलंय. एक बटन दाबून येवढी मानसं कामाला लावली त्यानं! त्याला इचार बरं, आपल्या दुकानात बसतो का. तू तर आता चाललास."

*

औरंगाबादचं थोडक्यात सांगतो, कारण त्याचा अजून किस्सा झालेला नाही. समोरच्या पोरानं खेळ सुरू व्हायच्या आधी मला विचारलं, "मॅक्रो कुठला वापरतोस?" मी म्हटलं, "माझी बोटं." तो शेजारच्याकडं बघून हसला. पुढचं तुम्हाला कळलंच असेल. तक्रार घेऊन गेलो तर तिथले सर म्हणाले, "चालत नाही असं नियमांत कुठं आहे?"

म्हणजे दोष माझाच! बोटं घेऊन गेलो हा!

अंबाजोगाईत गाडी बदलली आणि तसाच रागात घाटनांदूरला उतरलो. म्हटलं, घरी नको, आधी दुकानात जाऊ. अप्पांच्या तराजूजवळ बसलं की जरा बरं वाटेल.

दुकानासमोर बाजाराची गर्दी होती. अप्पा स्वतः उभ्यानं साखर तोलत होते. सदरा घामानं भिजलेला. एका हातात माप, दुसऱ्या हातात पुडा, गिऱ्हाइकं चारी बाजूंनी ओरडतायत. अप्पांचं लक्ष काट्यावर. मी निघालो त्या दिवसापासून दुकानात बसायला लागलेला गजा मात्र कुठं दिसेना.

"अप्पा, गजा कुठाय?"

"हाय की गादीवर," अप्पा काट्यावरची नजर न काढता म्हणाले.

गादीवर कोणी नव्हतं. माझे पाय प्रवासानं भरून आले होते. मी पिशवी खाली ठेवली, गल्ल्याशेजारच्या गादीवर टेकायला गेलो, तोच अप्पा साखर तोलायची सोडून ओरडले,

"आरं आरं, तिथं न्हाई! रुमाल दिसंना का तुला?"