आईसाठी वाजलेली घंटा

मांगापुलमामाला गावात नावाने कुणी हाक मारत नसे. 'घंटावाला' म्हटलं की पुरे. सरोवराकाठच्या आमच्या लुंबान जुलूच्या ख्रिस्ती देवळाची घंटा एकोणचाळीस वर्षं त्यानेच वाजवली. अंगात ताप असला तरी रविवारी पहाटे दोरीला हात घालायचाच. मामी म्हणायची, याचं पहिलं लग्न घंटेशी लागलंय, मी आपली सवत.

रविवारच्या घंटेपेक्षा मरणाची घंटा मोठी. कुणी गेलं की मामा मनोऱ्यात चढायचा आणि जेवढं वय तेवढे टोले द्यायचा. खाचरातली माणसं असतील तिथे थांबून मोजायची आणि मोजता मोजताच ओळखायची, कोण गेलं ते. मग हातपाय धुऊन सगळी त्या घरी. बोलावणं धाडावं लागत नसे.

पुढे पाळकांच्या, म्हणजे आमच्या धर्मगुरूंच्या, बदलीवरून देवळाची मंडळी फुटली. वरून हुकूम आला, पाळकांनी दुसऱ्या गावी जावं. निम्मे म्हणाले, हुकूम तो हुकूम. निम्मे म्हणाले, आमचा पाळक आम्हाला हवा. बायबलातली वचनं दोन्हीकडे पाठ होती आणि अक्कल दोन्हीकडे नव्हती, हे माझं स्पष्ट मत. पाळकांसकट निम्म्या घरांनी सडकेखाली पत्र्याचं देऊळ उभं केलं. बाबा तिकडे गेले, म्हणून आई गेली. मामा, तिचा सख्खा थोरला भाऊ, वरच्या जुन्या देवळातच राहिला.

मंडळीचा कारभार बघणाऱ्यांना आमच्यात 'वडील' म्हणतात, मामा त्यांतला एक; त्या वडिलांच्या सभेत ठराव मांडला तो मामानेच. मंडळी सोडून गेलेल्यांसाठी मरणाची घंटा वाजणार नाही. त्याच्या पोटात पाप नव्हतं, हे मला आज कळतं. लोकांना धाक बसावा, एवढाच त्याचा हेतू.

"घंटेवाचून मातीत जायची छाती आहे कुणाची?" तो आईला म्हणाला होता. "सहा महिन्यांत सगळे परत येतात की नाही बघ, तिओ."

"माणसं काय म्हशी आहेत दादा, दोर ओढला की यायला?" आई म्हणाली.

कुणी आलं नाही. पहिला गेला पोल्तक. मामा आणि तो वीस वर्षं एकाच होडीतून सरोवरावर जाळं टाकत. त्याची बायको लामरिया घंटेसाठी वर आली आणि देवळाच्या पायरीवर बसून रडली. मामाने दार उघडलं नाही. त्यानंतर खालच्या आणखी तिघांना आम्ही घंटेवाचून पोचवलं. चार वर्षांत असं झालं की वरची घंटा वाजली तरी खालची माणसं मान वर करेनात.

लावणीच्या दिवसांत आई गेली. सकाळी चुलीपुढे बसली ती उठलीच नाही. गाव पहाटेच खाचरात गेलेलं. आमच्यात बाईच्या अंगावर शेवटची शाल माहेरच्यानेच घालायची. निरोप मिळताच मामा शाल घेऊन आला. ती घालून झाल्यावरही तिथून हलेना.

"मामा, घंटा?" मी विचारलं.

तो शालीचं टोक सारखं करत राहिला.

"ठराव तुझाच ना? मग सांग तिला. सांग की तिओ, तुझ्यासाठी वाजायची नाही म्हणून!"

मी फार वाईट बोलले. बाबांनीही मला अडवलं नाही.

मामा तडक देवळाकडे निघाला, त्याच्या मागे मी. फाटकात मंडळीच्या एका वडिलांनी त्याला गाठलं. "मांगापुल, नियम सगळ्यांना सारखा. तूच केलास तो."

"मग मीच मोडतो," मामा म्हणाला आणि वर चढला. मंडळीचा नियम त्याने जन्मात कधी मोडला नव्हता.

अठ्ठावन्न टोले. मी खाली उभी राहून मोजले. वरच्यांपैकी पाच-सहाजण धावत आले, नाव ऐकलं आणि खाली मान घालून परतले. आणि आमची माणसं? चार वर्षं आईच्या शेजारी बसून गायलेली, तिच्या हातची हळदीतली मासळी चाटूनपुसून खाल्लेली? ती वाकून रोपं लावत राहिली. एकाचाही हात थांबला नाही. त्यांच्या लेखी वरचं कुणीतरी गेलं होतं.

मनोऱ्यातून मामाला सगळी खाचरं दिसत होती. तो उतरला तो पांढराफटक पडलेला, आणि तसाच पळत सुटला. अडुसष्ट वर्षांचा माणूस, मयतीचे चांगले कपडे घातलेला, बांधावरून घसरत, चिखलात पडत ओरडत होता, "माझी बहीण गेली! तिओलिना गेली! घंटा तिची होती!"

शेवटच्या खाचरात लामरिया होती.

"या, घंटावाले," ती म्हणाली. "आज खालची वाट कशी सापडली?"

"वहिनी, तिओ गेली. चला."

तिने हातातली रोपं खाली ठेवली. "त्या दिवशी मी पायरीवर बसले होते. तुम्ही आत होतात ना?"

"होतो."

"माझं रडणं ऐकू येत होतं?"

"येत होतं."

लामरियाने पाटात हात धुतले. "तिओसाठी येते," ती म्हणाली आणि त्याच्याकडे न बघता पुढे चालू लागली.

वरच्यांनी मामाचं वडीलपण काढून घेतलं, मनोऱ्याची किल्लीही. खालच्यांनी म्हटलं, आमच्यात या. तो गेला नाही. "एकदा मंडळी तोडायला हातभार लावला, आता परत नाही," म्हणाला. दर रविवारी वरच्या देवळात मागच्या बाकावर एकटा बसतो. आणि मरण वरचं असो की खालचं, काठी टेकत दारोदार जाऊन नाव सांगून येतो. दोन्ही देवळं मात्र आहेत तिथेच आहेत.

मामा आता त्र्याहत्तरचा आहे. परवा कॉफी पिता पिता म्हणाला, "रोतुआ, मी गेलो की माझं नाव तू दारोदार सांगून ये. लामरियाकडे आधी जा."

मी हो म्हटलं. पण ती आली नाही तर तिला बोल लावायला मला तोंड नाही.