हिरेमठबाईंचा संशय

हिरेमठबाई वांगी घेताना ढिगातली वरची कधीच घेत नसत. सरळ हात घालून तळातली बाहेर काढत. भाजीवाली करवादली की म्हणत, "वरची तू मला दाखवायला ठेवलीस. मला खालची बघायचीयत." सोलापुरात आमच्या कॉलेजात त्या संख्याशास्त्र शिकवत, आणि आकड्यांशीही त्यांचं वागणं असंच होतं. सरासरी म्हटली की कपाळाला आठी. मागून आम्ही त्यांना 'फौजदार' म्हणायचो.

सत्तरीच्या दशकातली गोष्ट. सुताच्या रंगानं विणकरांच्या घरांत आजार होतात का, याची पाहणी एका दवाखान्यानं आमच्या वर्गाकडे दिली. ज्यांच्यात त्रास दिसेल, त्यांचीच फुकट तपासणी होणार होती. आमचंही घर विणकरांचंच, म्हणून आमच्या पेठेचे कागद मी भरले. पुरुष रंगाच्या हौदांवर, बायका घरी रहाटावर रंगीत सुताच्या कांड्या भरणाऱ्या.

बाईंनी एकत्र सरासरी काढू दिली नाही. "बायका वेगळ्या मांड, पुरुष वेगळे. एकच रंग दोघांना सारखाच बाधतो, हे तुला कुणी सांगितलं?" मांडले. पुरुषांत खोकला, खाज, सगळं होतं. बायकांत शून्य. "बाई, बायकांना रंग बाधतच नाही!" मी म्हणालो. मला तर शोधच लागला होता.

बाई बायकांचे कागद एकेक करून उलटत राहिल्या.

"एकीचं डोकंसुद्धा दुखत नाही? उत्तरं दिली कुणी?"

"घरातल्या पुरुषांनी. परक्यासमोर बायका बोलत नाहीत."

"आणि तुझ्या आईचा कागद?"

"मीच भरला."

त्यांनी तेवढा कागद काढून माझ्या हातात दिला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी आई रहाटावर होती. विचारल्यावर तिनं हात पुढे केले. बोटांच्या बेचक्यांत कातडी सोललेली. "आग हुतीय की. दम बी लागतोय. लई दिस झालं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"इचारलं कुनी?"

मग पुरुष कामावर गेल्यावर बाई स्वतः माझ्याबरोबर दारोदार फिरल्या. ते शून्य टिकलं नाही. तपासणीच्या यादीत आईचं नाव लागलं. बाईंचा मात्र नव्या आकड्यांवरही विश्वास नव्हता. "आता वाढवून सांगत नसतील कशावरून?"

बाई गेल्या त्याच्या आधीच्या आठवड्यात मी त्यांना भेटायला गेलो होतो. दारातच भाचा म्हणाला, "मावशीला तसा काही त्रास नाही." मी आत जाऊन कॉटजवळ बसलो.

"बाई, कुठं दुखतंय?"

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ संशयानं पाहिलं.

"पाठ," त्या म्हणाल्या. "महिना झाला. तूच पहिल्यांदा विचारलंस."