याईराच्या पोरीचा वाटा

शेवंताबाई रोज सकाळी तव्यावरची पहिली भाकरी हातातच मोडायची. अर्धी टोपल्यात टाकायची आणि अर्धी ताटलीखाली झाकून चुलीच्या कट्ट्यावर ठेवायची. "हाई याईरनी पोरनी," असं तव्याकडे बघूनच म्हणायची आणि पुढचा गोळा थापायला घ्यायची.

धुळ्याच्या त्या वसतिगृहात साठ मुली होत्या. रोज त्यांतल्या एखाद्या मुलीच्या अंगात ताप असायचा, एखादी घरच्या आठवणीने रुसून पांघरुणात पडलेली असायची, एखादीची एस.टी. उशिरा पोचायची. दुपारपर्यंत ताटलीखालची भाकरी कुणाच्या तरी पोटात जायचीच.

याईर हा बायबलच्या शुभवर्तमानातला माणूस. त्याची बारा वर्षांची मुलगी मरण पावली, आणि येशूने तिचा हात धरून तिला उठवलं, अशी ती गोष्ट. शेवंताने ती पहिल्यांदा ऐकली तेव्हा तीही बारा वर्षांचीच होती. एरंडोलजवळच्या त्यांच्या खेड्यात तिला एकवीस दिवस ताप होता. बाविसाव्या दिवशी अंग निवलं. आई, पार्वताबाई, उशाशी बसली, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी तिने दुधात कुस्करली आणि भरवता भरवता गोष्ट सांगितली. तिला स्वतःला ती गावात येणाऱ्या एका प्रचारक बाईकडून मिळाली होती. दोघी मायलेकींना अक्षर येत नव्हतं. गोष्टीचा शेवट आई नेहमी एकच करायची. पोर उठून बसली, तशी येशूने आपल्या हाताने भाकरी मोडली आणि पहिला घास तिच्या तोंडात दिला.

पुढे शेवंता विधवा झाली, धुळ्याला आली, वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात लागली. आईचा तो शेवट तिच्यासोबत आला. देव घास भरवतो, एवढ्या एका गोष्टीवर तिने चाळीस वर्षं भाकऱ्या थापल्या.

अठ्ठ्याऐंशी साली आधार मास्तर स्वयंपाकघरात येऊ लागले. शाळेतून निवृत्त झालेले, चर्चच्या मंडळीतले वडीलधारे. मार्काचं शुभवर्तमान अहिराणीत आणायचं त्यांनी मनावर घेतलं होतं. त्यांची रीत साधी होती. दुपारी भांडी झाली की ओट्याशी बसून केलेला भाग वाचायचा. मग शेवंताबाईने तो आपल्या शब्दांत परत सांगायचा. तिची जीभ अडखळली तर मास्तर आपलं वाक्य खोडायचे. ती सरळ सांगत गेली तर तिचं वाक्य उतरवून घ्यायचे.

"मास्तरले लिखता येत नही, म्हनीसन अक्काले सांगाले लावतस," जोडीला काम करणारी कुंदाबाई म्हणायची.

"तू चहा कर," मास्तर म्हणायचे. "चहाची गोष्ट कुणी परत सांगायला नको."

याईराच्या मुलीची गोष्ट आली त्या दुपारी शेवंताबाईला वाचून दाखवायचीसुद्धा गरज नव्हती. तिने ती एका दमात सांगितली, शेवटच्या घासापर्यंत. मास्तर भराभर लिहीत गेले. तिचा सूरच असा होता की मूळ पान ताडून बघायचं त्यांच्या मनातही आलं नाही. सायक्लोस्टाइलवर प्रती निघाल्या आणि तपासायला जळगावच्या चर्चच्या पाळकांकडे गेल्या.

पंधरा दिवसांनी प्रत परत आली. घासाच्या ओळीभोवती लाल पेन्सिलीचं वर्तुळ होतं. बाजूला लिहिलं होतं, हे कुठून आलं?

मास्तर खाली मान घालून स्वयंपाकघरात आले. "अक्का, ही ओळ पवित्र शास्त्रात नाही. तिला खायला द्या, एवढंच येशू सांगतो. चूक माझी. मी ताडून बघायला हवं होतं."

शेवंताबाईचे हात पिठात होते. "परत वाचा."

त्यांनी वाचलं. तिने आणखी एकदा वाचायला लावलं. मंडळीत पुस्तकी मराठीत हे तिने किती वेळा ऐकलं असेल. पण दर वेळी तो शेवट तिच्या कानात आईच्याच आवाजात पुरा झाला होता.

"मंग मनी माय खोटं सांगे का?"



दुसऱ्या दिवशी तिने पहिली भाकरी मोडली नाही. अख्खी टोपल्यात टाकली. कुंदाबाईने पाहिलं. दोन दुपारी मास्तर आले आणि नुसता चहा पिऊन गेले. तिसऱ्या दुपारी शेवंताबाई आपणहून त्यांच्यासमोर पाट ओढून बसली.

"जे लिखेल शे, ते लिखं कोनी?"

मास्तरांनी चष्मा काढला. सावकाश सांगायला लागले. आधी काहीच लिहिलेलं नव्हतं. ज्यांनी पाहिलं ते सांगत होते आणि ज्यांनी ऐकलं ते पुढे सांगत होते, तुझ्या आईसारखेच. कितीतरी वर्षं असंच चाललं. मग पाहिलेली माणसं एकेक करून जाऊ लागली, तेव्हा लिहून ठेवणं आलं. येशूचा शिष्य पेत्र त्या दिवशी मुलीच्या खोलीत होता. त्याच्याकडून ऐकून मार्काने लिहिलं, असं जुनी मंडळी सांगत आली. लिहिलं तेही बाजारात बोलतात तसल्या साध्या ग्रीकमध्ये. हातांनी नकला झाल्या, गावोगावच्या मंडळ्यांत वाचल्या गेल्या. येशूच्या प्रेषितांपासून आलेलं आणि सगळीकडे वाचलं जाणारं ते राहिलं. बाकी पुष्कळ लोक पुष्कळ काही सांगत होते. प्रेमानेच सांगत होते. पण ते शास्त्रात घेतलं नाही.

"म्हंजे मानसंनीच लिखं."

"हात माणसांचे. श्वास देवाचा. आपण असंच मानतो अक्का. म्हणून तर त्यात आपलं घालता येत नाही."

तिने कट्ट्यावरच्या रिकाम्या ताटलीकडे पाहिलं. मग म्हणाली, "खावाले द्या, असं सांगं त्यानी. मंग उठनं कोन? भाकर दिन्ही कोनी?"

मास्तरांनी पान पुन्हा पाहिलं. "ते लिहिलेलं नाही."

"तिनी माय व्हती ना तठे?"

"होती. आईबाप दोघेही खोलीतच होते."

"मंग तीच उठनी व्हई." शेवंताबाई पुढे म्हणाली. "त्यानी सांगं, नि मनी माय उठनी, माले घास दिन्हा. बठ्ठं बरोबर शे मास्तर. खोटं काहीच नही. ती ओळ काढी टाका."

"काढू?"

"देवनं पुस्तक शे ते. मनी मायनं नही."

मास्तरांनी तिच्यासमोरच ओळ खोडली. खोडताना त्यांचा हात थांबला, तेव्हा तिनेच मान डोलावली. कुंदाबाईने तिघांना चहा दिला.

दुसऱ्या सकाळी पहिली भाकरी पुन्हा मोडली गेली. "हाई याईरनी पोरनी" हेही तसंच होतं. आता ते ऐकताना कुंदाबाईला वाटायचं, की अक्काला कुणीतरी आत्ताच, या खोलीत, ते काम सांगितलंय.

चार वर्षांनी पुस्तिका छापून झाली. मंडळीत पहिल्यांदा वाचन झालं तेव्हा शेवंताबाई पुढच्या सतरंजीवर होती. याईराची गोष्ट येशूच्या सांगण्यापाशी संपली, आणि वाचणारा क्षणभर थांबला. त्या थांबण्यात तिने हात जोडले. घरी येताना ती मास्तरांना म्हणाली की आपल्यासारखीला अक्षर आलं नाही, तरी पुस्तकाच्या कामात देवाने कान तेवढे वापरून घेतले, हे काय थोडं झालं.

सत्त्याण्णवच्या हिवाळ्यात तिची छाती दुखू लागली. तरी ती चुलीपाशी यायचीच. त्या दिवशी पाचवीतली एक मुलगी नरडाण्याहून उशिरा पोचणार होती. शेवंताबाईने सकाळच्या भाकऱ्या केल्या, हात धुतले आणि थोडं पडते म्हणून उठली. ती आता जे बोलणार होती ते शेवटचंच होतं, हे कुणाला ठाऊक नव्हतं. दाराशी तिने मागे वळून कट्ट्याकडे पाहिलं.

"ताटली सरकेल शे. भाकर नीट झाक वं कुंदा, वाळी जाई."