कळलावीचा कंद

चौलच्या आमच्या वाडीच्या कुंपणावर श्रावणात कळलावी फुलते. तिचं फूल घरात आलं की भांडण लागतं म्हणतात, म्हणून मी ते मुद्दाम आत्याच्या उंबऱ्यावर ठेवायचो. "मेल्या, कळ लावतोस व्हय!" म्हणत ती लाटणं घेऊन धावायची.

या वेलीचा कंद उगाळून ती दुखऱ्या गुडघ्यांना लावायची. गेल्या वर्षी मी वैद्याची नक्कल केली. "आत्याबाई, नुसता लेप कशाला? पोटात घ्या, गौरीला फुगडी घालाल!" सगळे हसले, आत्याही हसली.

कंद विषारी असतो, हे मला ठाऊक होतं. हशाच्या नादात सांगायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी तिने तो पाण्यातून घेतला. इस्पितळात उलट्या थांबेनात, तरी मला म्हणाली, "फुगडी ऱ्हायली रे."

यंदाही मी उंबऱ्यावर फूल ठेवलं. भांडायला कोणी आलं नाही.