माझ्या नावाची प्रत

"ज्यांच्या घरी कॉम्प्युटर आहे त्यांनीच फॉर्म घ्या," सर म्हणाले.

मी हात पुढे केलेला होता. फॉर्मचं टोक माझ्या बोटांत आलं होतं. सरांनी तो अलगद मागे ओढला.

"आपण काय करणार नेऊन? चुलीवर चालवणार?"

वर्ग हसला. मुलं हसली, मुली हसल्या. मागच्या बाकावरचा चंद्रपूरचा प्रवीणसुद्धा हसला, आणि त्याच्या खोलीत तर धड टेबलही नव्हतं. मी हात खाली घेतला. खाली बसले. कान तापले होते. वही उघडून उगाच एक रेघ मारली. मग तीच पुन्हा मारली.

वाघोलीच्या पुढे, नगर रोडवर आमचं कॉलेज. स्थापत्य अभियांत्रिकी, तिसरं वर्ष. मी भंडारा जिल्ह्यातल्या एका गावातली. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिपाई. आई विड्या वळायची. आम्ही बौद्ध. मी फ्रीशिपवर शिकत होते. हे सगळं सरांना माझ्या फाइलवरून माहीत होतं.

फॉर्म होता अभियंत्यांच्या एका मोठ्या संस्थेचा. विद्यार्थी म्हणून सभासद झालं की कार्ड मिळायचं, त्यांचं मासिक मिळायचं. आणि खरी गोष्ट म्हणजे, इमारतींचे नकाशे काढायचं सॉफ्टवेअर सवलतीत मिळायचं. बाजारात ते स्कूटरच्या भावात जायचं. सभासद विद्यार्थ्याला सायकलच्या भावात. अट एकच. एका सभासदाला एक प्रत, आणि ती फक्त अभ्यासासाठी. धंद्यासाठी वापरायची नाही.

तेव्हा पुण्यात सगळं बदलत होतं. हिंजवडीत काचेच्या इमारती उठत होत्या. हाताने नकाशे काढणारे ड्राफ्ट्समन घरी बसत होते. ज्याला ते सॉफ्टवेअर येतं त्याला नोकरी. कॉलेजच्या लॅबमध्ये एका मशीनवर आम्ही पाच जण. माऊस हातात यायच्या आत तास संपायचा. म्हणून मला ते हवं होतं. कॉम्प्युटर आज ना उद्या कुणाचा तरी मिळाला असता. सॉफ्टवेअर तरी माझं हवं होतं.

त्या दिवशी जिन्यात मृण्मयीने मला गाठलं. ती आमच्याच वर्गात होती, संस्थेच्या विद्यार्थी शाखेची सेक्रेटरी. सदाशिव पेठेतलं घर. आजोबा प्रोफेसर, वडील नावाजलेले स्ट्रक्चरल कन्सल्टंट. बिबवेवाडीत त्यांचं मोठं ऑफिस होतं.

"सर काहीही बोलतात," ती म्हणाली. "तू मनावर घेऊ नकोस. मी बाबांशी बोलते."

असं माझ्या बाजूने तोवर त्या कॉलेजात कुणी बोललं नव्हतं. मला रडू आलं. तिने मला कँटीनमध्ये नेलं, साबुदाणावडा खायला घातला. त्या दिवसापासून ती माझी मैत्रीण. निदान मी तसं धरून चालले.

दोन आठवड्यांनी विद्यार्थी शाखेचा कार्यक्रम झाला. मृण्मयीचे वडील पाहुणे होते. ते त्या संस्थेचे पुण्यातले पदाधिकारी होते. त्यांनी स्टेजवरून जाहीर केलं, की गरजू, होतकरू अशा सहा विद्यार्थ्यांच्या सभासदत्वाचा आणि सॉफ्टवेअरचा खर्च ते स्वतः करणार. टाळ्या झाल्या. आम्हा सहा जणांना वर बोलावलं. एकेक गुलाबाचं फूल दिलं. फोटो काढला. मी ते फूल हॉस्टेलवर नेऊन वहीत दाबून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मृण्मयीने फॉर्म आणले. दोन ठिकाणी सह्या. एक सभासदत्वाची, एक सॉफ्टवेअरच्या ऑर्डरची.

"माल बाबांच्या ऑफिसच्या पत्त्यावर येईल," ती म्हणाली. "हॉस्टेलवर चोऱ्या होतात ना."

मी सह्या केल्या. वाचून केल्या, पण वाचलेलं डोक्यात शिरलं नाही. डोकं आनंदाने भरलेलं होतं.

मग दर शनिवारी मी पीएमटीच्या बसने तिच्या घरी जायला लागले. तिच्या खोलीत कॉम्प्युटर होता. ती एक तास बसायची, मी दोन तास. तिच्या वडिलांना मी काका म्हणायला लागले. ते जेवायला बसवायचे. "आमच्याकडे हे असलं जातपात वगैरे काही नसतं," असं म्हणायचे. दर खेपेला म्हणायचे. कुणी विचारलेलं नसायचं.

सॉफ्टवेअर सुरू झालं की स्क्रीनवर आधी एक चौकट यायची. ही प्रत कुणाच्या नावाची आहे ते त्यात दिसायचं. तिथे मृण्मयीचं नाव असायचं. मी एकदा विचारलं, "माझी आली का गं?"

"येईल गं," ती म्हणाली.

पुढे प्रोजेक्टचा मोठा नकाशा छापायचा होता. मोठ्या कागदावर छापणारं मशीन काकांच्या ऑफिसात होतं. मृण्मयी म्हणाली, जा, मी फोन करून ठेवते. मी बिबवेवाडीला गेले. आत ओळीने सहा कॉम्प्युटर. सहा ऑपरेटर कामाला बसलेले. माझी फ्लॉपी घ्यायला पहिल्या ऑपरेटरने सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा सुरू केलं.

चौकट आली. चौकटीत माझं नाव होतं. पहिलं नाव, बापाचं नाव, आडनाव. सगळं.

खोटं कशाला सांगू, आधी बरं वाटलं. एवढ्या मोठ्या ऑफिसात, स्क्रीनवर माझं नाव. अर्धा क्षण. मग मी शेजारच्या ऑपरेटरला म्हटलं, "दादा, तुमचं पण एकदा बंद करून चालू करता का?" त्याने केलं. प्रवीणचं नाव आलं. पलीकडच्याने केलं. आमच्यातलं तिसरं नाव आलं. पुढची तीन मी बघितली नाहीत. गरज नव्हती.

स्टेजवर गुलाब घेणाऱ्या आम्हा सहाही जणांची आडनावं मला पाठ होती. सहाही जण राखीव जागांवरचे. सहातल्या एकाकडेही कॉम्प्युटर नव्हता. काकांनी बरोबर तेच सहा निवडले होते. ज्यांच्या प्रती परत मागायला कुणी येणार नाही, असे.

मी केबिनमध्ये गेले. "काका, ती प्रत माझ्या नावाची आहे ना?"

त्यांनी चष्मा काढला. हसले. "अगं, तुझ्याकडे मशीन कुठंय? पडून राहण्यापेक्षा वापरात आहे. तुला लागेल तेव्हा ये. घर तुझंच आहे." आणि बेल दाबून चहा मागवला.

तो चहा मी प्यायले. हे मला आजही स्वतःला सांगताना जड जातं. नकाशा छापून मिळाला, तो गुंडाळला आणि बसस्टॉपवर आले. मनाला समजावलं, की यांनीच पैसे भरलेत, यांनीच जेवायला घातलंय. पुढच्या शनिवारी पुन्हा त्यांच्या घरी गेले. मृण्मयीला मी काही विचारलं नाही. तिनेही काही सांगितलं नाही.

दोन महिन्यांनी सॉफ्टवेअर कंपनीचं पत्र संस्थेकडे आलं, संस्थेकडून कॉलेजला. काकांच्या ऑफिसातल्या कुणीतरी अडचण आली म्हणून कंपनीला फोन केला होता आणि सहाही प्रतींचे नंबर सांगितले होते. विद्यार्थ्यांच्या प्रती धंद्यासाठी वापरात आहेत, हे त्यांच्या लक्षात आलं. आमची सहा नावं पत्रात होती.

चौकशी समिती बसली. प्राचार्य, आमचे तेच सर, आणि संस्थेचे प्रतिनिधी म्हणून काका.

हो. काकाच.

आम्हा सहा जणांना भिंतीजवळ उभं केलं. प्राचार्यांनी टाइप केलेला कागद वाचला. इंग्रजीत होता. अर्थ असा, की आर्थिक अडचणीमुळे आम्ही सवलतीत मिळालेल्या आमच्या प्रती एका ऑफिसला विकल्या. त्या ऑफिसला हे नियमाविरुद्ध आहे याची कल्पना नव्हती. आम्हाला पश्चात्ताप होतो आहे.

"मुलं गरीब घरची आहेत," काका म्हणाले. शांत, प्रेमळ आवाजात. "मोहात पडली असतील. त्यांचं करिअर खराब करू नये असं माझं मत आहे. माफीनामा घ्यावा आणि विषय संपवावा."

सर म्हणाले, "बघा, किती मोठं मन आहे. नाहीतर तुमच्यासारख्यांना आज घरीच पाठवलं असतं."

मी म्हटलं, "मी विकली नाही. मी ती प्रत हातात धरलेली नाही. मृण्मयीला विचारा. फॉर्म तिने आणले होते. पत्ता तिने सांगितला होता."

मृण्मयीला आत बोलावलं. ती दारापाशीच उभी राहिली. प्राचार्यांनी विचारलं. तिने आधी वडिलांकडे पाहिलं. मग जमिनीकडे.

"मला आठवत नाही," ती म्हणाली.

सरांचं चुलीवरचं बोलणं मला लागलं होतं. पण ते परक्याचं होतं. हे तीन शब्द बोलणारीच्या ताटात मी जेवले होते. तिच्यासमोर मी माझ्या आईच्या बोटांबद्दल बोलले होते. विड्या वळून वळून ती कशी पिवळी पडलीत, ते. हॉस्टेलमधल्या कुणालाही मी ते सांगितलं नव्हतं.

सही करायला दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंतची मुदत मिळाली.

संध्याकाळी हॉस्टेलबाहेर बाकीचे पाचही जण जमले. प्रवीण म्हणाला, "आपल्याले डिग्री पाह्यजे. सही कर अन मोकळी हो. आपलं कोण आयकते इथं?" मी त्याला भित्रा म्हणणार नाही. त्याच्या घरी दोन बहिणी होत्या, आणि वडील नव्हते. त्याचा हिशोब त्याच्यापुरता बरोबर होता.

मी एसटीडी बूथवर गेले. गावातल्या किराणा दुकानात फोन लावला आणि वडिलांना बोलवायला सांगितलं. ते धापा टाकत आले. मी सगळं सांगितलं. बूथमधल्या मीटरवर बिलाचे आकडे पळत होते.

मग ते म्हणाले, "तू विकलं काय माय?"

"नाही बाबा."

"मंग सही कायची करतं?"

"काढून टाकतील मला."

"टाकू दे. घरी ये. पण चोर म्हणून नको येऊ."

एवढंच. जन्मभर साहेब लोकांच्या टेबलांवर पाणी ठेवणारा माणूस. त्यांना सॉफ्टवेअर काय असतं तेही ठाऊक नव्हतं. पण मुद्दा त्यांना कळला होता.

सकाळी समितीसमोर पाच सह्या झाल्या. कागद माझ्यापुढे आला. प्राचार्यांनी स्वतःचं पेन पुढे केलं. मी पेन घेतलं. कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर मराठीत लिहायला लागले. प्रती कुणी मागवल्या. कोणत्या पत्त्यावर आल्या. बिबवेवाडीच्या ऑफिसात कितव्या मशीनवर कुणाचं नाव दिसतं. केबिनमध्ये काका काय बोलले. मी चहा प्यायले, तेही लिहिलं. शेवटी लिहिलं, आत्ता चला, मशीन चालू करून बघा.

काका उठून जवळ आले. माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बाळा, तू भावनेच्या भरात आहेस."

मी हात झटकला. "मला बाळा म्हणू नका. तुम्ही माझे कुणी नाही."

मी खाली सही केली. वाचून, प्रत्येक अक्षर वाचून.

कुणी मशीन बघायला गेलं नाही. संस्थेने माझं सभासदत्व रद्द केलं. ज्यांनी माफी मागितली त्यांचं कायम राहिलं. माझ्या पत्रात कारण लिहिलं होतं, 'प्रतीची विक्री आणि चौकशीत असहकार.' कॉलेजने काढून टाकलं नाही. त्यासाठी लेखी कारण द्यावं लागलं असतं आणि कागदाच्या मागची बाजूही दाखवावी लागली असती. पण कॅम्पस मुलाखतींच्या यादीत माझं नाव गेलं नाही. पहिल्या वर्गात पास होऊनही पुण्यातल्या एकाही कन्सल्टंटने मला दारात उभं केलं नाही. ते सगळे एकमेकांना ओळखत होते.

मी दीड वर्ष डेटा एंट्री केली. मग हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंगला लागले. इंजिनियरिंगच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचं काम. ते मला जमलं. आज माझ्या हाताखाली चौदा जण आहेत.

काही वर्षांपूर्वी कंपनीच्या बसस्टॉपवर मृण्मयी भेटली. तिनेच हाक मारली. म्हणाली, "बाबा गेले गं मागच्या वर्षी." मी ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तू अजून ते मनात धरून आहेस का? अगं, मी किती लहान होते तेव्हा."

"आपण दोघी एकाच वयाच्या होतो," मी म्हटलं. बस आली. मी चढले.

आता त्याच संस्थेच्या पुणे शाखेकडून पत्र आलंय. विद्यार्थी सभासदांपुढे सॉफ्टवेअरच्या परवान्यांवर व्याख्यान द्यावं, मानद सभासदत्व स्वीकारावं. सभासदत्व रद्द केलेली ती विद्यार्थिनी मीच, हे त्यांना माहीत नाही. मी उत्तर लिहिलं. आधी तुमच्या दप्तरातली माझ्या नावासमोरची नोंद खोटी होती असं लेखी कळवा, मग येते.

परवा एका गृहस्थांचा फोन आला. आवाज अगदी सौजन्याचा. "मॅडम, एवढी जुनी फाइल आता कुठे शोधणार? जाऊ द्या ना. आपण मोठ्या मनाने..."

मी त्यांना मध्येच थांबवलं. मोठं मन मी पाहिलेलं आहे.

फाइल जुनी असेल. तिच्यात मी अजून चोर आहे. ती नोंद खोडल्याचा कागद सही-शिक्क्यासह येत नाही तोवर मी त्यांच्या सभागृहात पाय ठेवणार नाही. महिनाभर वाट बघेन. त्यानंतर जाईल ती वकिलाची नोटीस, आणि तिच्यात प्रत्येकाचं पूर्ण नाव असेल.