मोहफुलातला गुलाब

डॉ. शोभाताई गहाणे यांची साठ वर्षे पूर्ण होत आहेत. आमचा प्रथम परिचय नागभीडच्या महाविद्यालयात झाला. मी तेथे संस्कृत शिकवीत असे; त्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या नव्या प्राध्यापिका होत्या. एके सकाळी त्यांनी काचेच्या कुप्या माझ्यापुढे मांडल्या.

"सर, हुंगून सांगा, कोणती बरी?"

"बाई, आम्ही फूलसुद्धा देवाआधी हुंगत नाही."

"हे देवाचं नाई, यीस्टचं आहे! तंबाखू नाई, तपकीर नाई, असं नाक मले इथी दुसरं कुठी भेटन?"

तेव्हापासून हे नाक त्यांच्या सेवेत रुजू आहे.

कुरखेड्याच्या जानकीबाई आणि त्यांच्या गटातील स्त्रिया मोहफुले वेचतात. ती दारूच्या भट्टीकडे न जाता त्यांच्या रसावर यीस्ट वाढवून गुलाबगंधी तेल करावे, हा ताईंचा संकल्प. एका व्यापाऱ्याने नमुना मागितला. तो पसंत पडला तरच गटाचे काम उभे राहणार होते. पहिल्या खेपेला मात्र दारूचाच दर्प आला.

"ताई, हे घेऊन बसमंधी बसलो त पोलीस आम्हालेच उतरवन!" जानकीबाई म्हणाल्या. जिल्ह्यात दारूबंदी. सगळ्या हसल्या खऱ्या, पण चेहरे उतरलेलेच होते.

ताईंनी फुलांना बोल लावला नाही. "चूक माझी. यीस्टले साखर लय चारली, हवा कमी देली; म्हणून त्यानं दारूच केली."

पुढे त्यांनी रस थोडा थोडा घातला, हवा खेळती ठेवली, यीस्टचे इतर पोषण आखडले आणि ज्या अमिनो आम्लापासून गुलाबगंध घडतो तेवढेच पुरविले. हा गंध साठला तर घडविणाऱ्या यीस्टलाच मारक ठरतो. म्हणून वर तेलाचा थर दिला. गंध तेलात उतरत गेला, यीस्ट तगले. निष्काम कर्मावर मी आयुष्यभर प्रवचने केली. कर्माचे फळ वेळीच दुसऱ्याच्या ओंजळीत न घातल्यास ते कर्त्यालाच जाचते, हा दृष्टांत मात्र मला त्या काचपात्रात लाभला.

जानकीबाईंनी नवी कुपी नाकाशी नेली. "गुलाबच आहे वं माय!" व्यापाऱ्यानेही नमुना स्वीकारला.

ती सारी कृती ताईंनी गटाच्या हाती सोपविली. आज तेल करताना जानकीबाईंना कोणाला विचारावे लागत नाही. तरी त्या ताईंना आग्रहाने बोलावतात, भाजीभाकरी खाऊ घालतात. असे निरपेक्ष बोलावणे ताईंना उदंड वर्षे येत राहो आणि त्या हाकेला धावून जाण्याइतके बळ जगदंबा त्यांच्या पावलांत राखो.